पहिल्या पानावरची तारीख

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहिण्याचा संकल्प सोडला आहे. (‘सोडला’ या क्रियापदाचा तूर्त शास्त्रोक्त अर्थ घ्यावा, व्यावहारिक अर्थ कालांतराने घेता येईल.)

भावी संशोधकांच्या सोयीसाठी थोडी पार्श्वभूमी. मी पन्नाशीच्या तीन महिने अलीकडे उभा असलेला गृहस्थ असून उपजीविकेसाठी वजनकाट्यांच्या माहितीपुस्तिका लिहितो. ‘काटा सपाट पृष्ठभागावर ठेवावा’ हे माझे सर्वाधिक वितरित वाक्य. परंतु माझे जीवितकार्य निराळे आहे. एकोणीस वर्षांपूर्वी माझा एक महाविद्यालयीन मित्र आणि मी अशा दोघांनी मिळून एक संगणकभाषा निर्माण केली. यंत्राला समजेल तो सारा भाग त्याचा, माणसाला समजेल तो माझा. मित्र इतका अल्पभाषी की त्याला सगळे मुनी म्हणतात, आणि त्यालाही त्यावर काही म्हणायचे नसते.

आमच्या भाषेत प्रत्येक संख्येला तिचे एकक जन्मतः चिकटलेले असते. किलोमध्ये मीटर मिळवू पाहणाऱ्यास ती नम्रपणे अडवते. नाव ठेवतेवेळी मी ‘गणिका’ सुचवले होते. गणन करते ती गणिका. मुनीने माझ्याकडे पूर्ण एक मिनिट पाहिले आणि दोन अक्षरे व एक आकडा असे काहीतरी ठेवले. ते आम्हा दोघांनाही धड उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही नुसते ‘भाषा’ म्हणतो.

आज विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागाच्या प्रमुख बाईंचा दूरध्वनी आला. अकरा वर्षे त्यांचे प्रथम वर्षाचे विद्यार्थी प्रयोगशाळेतील गणिते आमच्या भाषेत करतात. वर्षाला साठ. अन्यत्र कोणी ती वापरत असल्यास त्याने ते कटाक्षाने गुप्त ठेवले आहे.

“सर, मार्चअखेरीला समिती बसतेय,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी तुमची भाषा ठेवायची, की सगळीकडे चालते तीच घ्यायची, यावर. मी तुमच्या बाजूची आहे. पण तुमची साइट दाखवायची लाज वाटते हो.”

“लाज?”

“मागच्या बैठकीत एकानं विचारलं, हे काट्यांचं दुकान आहे का.”

“काट्याचे चित्र प्रतीकात्मक आहे,” मी म्हणालो.

“हो, पण ते सांगायला दर वेळी तुम्हाला बोलवावं लागेल.”

निष्कर्ष: साठ विद्यार्थी गेले तर भाषा गेली. ती वाचवायची तर संकेतस्थळाचा जीर्णोद्धार वीस मार्चपर्यंत व्हायला हवा. एकोणीस वर्षांच्या तपश्चर्येपुढे सहा आठवडे म्हणजे काय?

९ फेब्रुवारी, रविवार

भाची आली. ही माझ्या थोरल्या बहिणीची कन्या, वय बत्तीस, व्यवसाय संकेतस्थळांची रचना. एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावर तातडीच्या विभागाचा क्रमांक पहिल्या पानावर आणण्यासाठी ती तीन महिने भांडली आणि जिंकली. तत्पूर्वी त्या जागी संचालकांचे मनोगत होते. अशा व्यक्तीच्या मनात मनोगतांविषयी आकस असणे स्वाभाविक आहे. आमच्या पहिल्या पानावर माझे मनोगत आहे.

जेवणाच्या टेबलावर तिने संगणक उघडला. एका बाजूला मुनी, दुसऱ्या बाजूला मटार सोलणारी सौ. भाचीने शीर्षक मोठ्याने वाचले.

“‘मात्राबद्ध गणनेची कालातीत, निःसंदिग्ध व सर्वंकष परिभाषा.’”

“म्हणजे काय?” सौ.ने विचारले.

“अगं, एकोणीस वर्षं तू या घरात...”

“एकोणीस वर्षं विचारलं नाही. आज विचारतेय.”

मी विवेचन केले. भाचीने घड्याळ लावले होते हे मला मागाहून कळले; चार मिनिटे दहा सेकंद.

“मामी, कळलं?”

“हो. वजन आणि लांबी एकत्र करू देत नाही. शाळेत बाईंनी पट्टी मारून शिकवलं होतं तेच.”

“मामीचंच वाक्य वर टाकूया,” भाची म्हणाली.

“पट्टीसकट?” मी विचारले.

मुनी हसला. ही नोंद मुद्दाम करतो, कारण गेल्या वर्षभरात असा प्रसंग मला आठवत नाही.

भाचीने काम स्वीकारले आहे. जाताना जिन्यात थांबून म्हणाली, “मामा, मी मनापासून करते हे. पण साइट बदलल्यावर नक्की काय बदलेल असं वाटतं तुला?”

“सर्व काही,” मी म्हणालो.

ती मुनीकडे पाहत राहिली. मुनी पायातले बूट बांधत होता. त्या बुटांना नाडी नव्हती.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या अहंकाराच्या शल्यकर्मासाठी राखून ठेवलेला होता, हे मला सकाळी कोणी सांगितले नाही.

भाचीच्या व्यवसायात एक पद्धत आहे. संकेतस्थळ कधीही न पाहिलेली माणसे एकेक करून बोलवायची, त्यांना एक साधे काम द्यायचे, आणि ती काय करतात ते मागे बसून पाहायचे. अट एकच: पाहणाऱ्याने मौन पाळावे. तिच्या कार्यालयातील बैठकीची खोली रविवारी मोकळी असते. चार जणांना बोलावले होते. काम असे: ‘दोन किलो आणि तीनशे ग्रॅम यांची बेरीज या भाषेत करून दाखवा.’ मला भिंतीलगतची खुर्ची मिळाली.

प्रथम औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई. त्यांनी माझे शीर्षक वाचले, पान खाली नेले, वर आणले, आणि काट्याच्या चित्रावर सात वेळा बोट दाबले. मी खोकलो.

“मामा,” भाची मागे न पाहता म्हणाली, “खोकला हीसुद्धा मदत आहे.”

द्वितीय, एका शाळेतील प्रयोगशाळा साहाय्यक. यांनी ‘प्रस्तावना’ उघडली. माझे अंतःकरण उचंबळून आले. त्यांनी अकरा मिनिटे ती ओठ हलवत वाचली आणि शांतपणे विचारले, “याच्यावर नंतर परीक्षा आहे का?”

तृतीय, दंतवैद्याकडे भेटींच्या वेळा सांभाळणारी तरुणी. तिने सहा मिनिटांत काही न सापडल्याने हात मांडीवर ठेवले आणि “माझंच चुकतंय बहुतेक” असे म्हटले. येथे माझे मौन भंगले. मी खुर्ची पुढे ओढली आणि वीस मिनिटे तिला सारे समजावले: एकके, त्यांचे कुलशील, त्यांचे निषिद्ध विवाह. तिने बेरीज केली. उत्तर आले. ती खरोखर आनंदली.

“किती सोपं आहे हे,” ती म्हणाली. “मग तिथे का नाही लिहिलंत?”

ती गेल्यावर भाचीने दार लावून घेतले. “आता जगातल्या प्रत्येक माणसामागे खुर्ची टाकून बसणार आहेस का?”

“आवश्यकता भासल्यास.”

“मामा, तुला लिहून सांगता येत नाही असं नाही. ‘काटा सपाट पृष्ठभागावर ठेवावा’ हे तूच लिहिलंस ना? मग इथे काय होतं तुला?”

काट्यावर माझे प्रेम नाही, हे कदाचित कारण असावे.

चतुर्थ एक निवृत्त मोजणीदार. जन्म जमिनी मोजण्यात गेला. यांनी माझी वाक्ये ओलांडून थेट उदाहरण गाठले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “म्हणजे फुटात मीटर मिसळला तर हे ओरडतं? हे मला तीस वर्षांपूर्वी हवं होतं. एक अख्खा रस्ता वाकडा गेलाय आमचा.”

“आणि आता?” मी विचारले. (भाचीने अडवले नाही.)

“आता यंत्रच उत्तर देतं. आपण नुसतं धरून उभं राहायचं.”

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या पानावर माझे तीनशे चाळीस शब्द होते. भाचीने सहा ठेवले. ‘चुकीची एकके मिसळू न देणारी संगणकभाषा.’ ‘कालातीत’ वाचवण्याचा मी निकराचा प्रयत्न केला.

“कालातीत म्हणजे?” ती म्हणाली.

“जिच्यावर काळाचा परिणाम होत नाही.”

“हे तू ठरवणार की काळ?”

मी ‘कालातीत’ मागे घेतला. मनोगत, प्रस्तावना, इतिहास आणि ‘भाषेमागील तत्त्वचिंतन’ (चार भाग) यांची रवानगी तळाशी ‘आणखी वाचा’ या एका ओळीत झाली आहे. तत्त्वचिंतनाचा चौथा भाग मुळात अपूर्ण असल्याचे यानिमित्ताने माझ्या लक्षात आले. नऊ वर्षे तो वाक्याच्या मध्येच संपतो. कोणीही कळवले नव्हते.

मात्र शीर्षकाखालची जागा तिने अशी सुंदर सजवली आहे की मला क्षणभर मत्सर वाटला. एक चौकट, तीत आधीच लिहिलेली बेरीज, शेजारी ‘करून पाहा’ असे बटण. दाबले की उत्तर. किलोत मीटर घालून पाहिले की तांबड्या अक्षरांत नकार. कुठे काही उतरवून घ्यायला नको, शोधायला नको. सौ.ने आल्या आल्या चार बेरजा केल्या, आणि पाचव्या वेळी मुद्दाम दिवसांत लिटर मिळवले.

“अडवतंय हो,” ती म्हणाली. आवाजात कौतुक होते.

१ मार्च, शनिवार

मुनी सकाळी आला. हातात एक लांब पाकीट.

“सगळे पासवर्ड यात आहेत,” तो म्हणाला. “सर्व्हरचे, नावाच्या नोंदणीचे, सगळे.”

“मला कशाला?”

“एका ठिकाणी असलेले बरे.”

त्याचे हे व्यवस्थापनकौशल्य मला नवीन होते. मग चहा घेताना तो म्हणाला, “नव्या साइटवर ‘आम्ही’ असं पान आहे ना. त्यात माझं नाव खाली घे.”

“कुठे खाली? तू आद्य निर्माता आहेस.”

“खाली. ‘पूर्वीचे सहभागी’ असं काहीतरी कर. त्यात.”

निरहंकाराची ही पराकाष्ठा पाहून मी सद्गदित झालो. नाव खाली घेण्यास मी अर्थातच नकार दिला. त्याच्या विनयाला मी बळी पडणार नाही. तो “हं” म्हणाला.

तो गेल्यावर सौ. कप उचलताना म्हणाली, “भावजींनी चहा अर्धा ठेवला. काहीतरी ठरवलंय त्यांनी.”

सौ.ला कपाच्या तळाशी भविष्य वाचण्याची विद्या अवगत आहे. मी तिला सांगितले की गेल्या चौदा महिन्यांत मुनीने भाषेत एकही बदल केलेला नाही, कारण चौदा महिन्यांत एकही दोष कोणी कळवलेला नाही. पूर्णत्व याहून निराळे काय असते?

“कोणी काहीच कळवलं नाही?” तिने विचारले.

“काहीच नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि कप धुवायला घेतला.

९ मार्च, रविवार

आज माझ्या जीवनातील एक स्वच्छ विजय. तपशीलवार नोंदवतो.

बटणाखाली तीन लहान नोंदींसाठी जागा आहे. भाचीने तिथे ‘शिका’, ‘उदाहरणे’, ‘संपर्क’ असे ठेवले होते. मी म्हणालो, हे सारे ठीक, परंतु शेवटचा बदल कोणत्या दिवशी झाला ती तारीख पहिल्या पानावर हवी. ठळक हवी.

“नको,” ती लगेच म्हणाली. इतकी लगेच की मला मौज वाटली.

“कन्ये, प्रत्येक वजनकाट्यावर पडताळणीचा शिक्का असतो. त्यावर तारीख असते. तारीख नसलेल्या काट्यावर शहाणा माणूस मूठभर दाणेही तोलत नाही. विश्वास हा तारखेवर उभा असतो.”

“आणि शिक्का जुना झाला तर काय करतात?”

“काटा पुन्हा पडताळणीला धाडतात.”

“मग?”

“मग काय? काट्याची झीज होते. भाषेची झीज होत नाही. चौदा महिने जिला कोणी हात लावू शकलेले नाही अशी निर्दोष वस्तू आहे ही. ही तारीख म्हणजे आमचे प्रशस्तिपत्र.”

तिने पेन टेबलावर ठेवले. “मामा, माझं ऐक. साइट चांगली झाली की माणसाला खरं दिसायला लागतं. इतके दिवस तुझ्या मनोगतात काही दिसत नव्हतं, ते एका परीनं...” ती थांबली आणि मुनीकडे वळली. “मुनीकाका, तुम्ही सांगा ना याला.”

मुनी खिडकीपाशी उभा होता. त्याने पडदा थोडा सरकवला. मग म्हणाला, “असू दे तारीख. खरी आहे.”

बहुमत. दोन विरुद्ध एक. पहिल्या पानावर, बटणाच्या वर, हिरव्या अक्षरांत: ‘शेवटचा बदल: ११ जानेवारी, गतवर्षी.’ हिरवा रंग माझा आग्रह. तिने नंतर एकाही गोष्टीला विरोध केला नाही, यावरून तिला माझे म्हणणे पटले असावे.

१२ मार्च, बुधवार

कचेरीत नव्या काट्याची पुस्तिका. लिहिण्यात लक्ष नाही. ‘काटा ठेवावा’ एवढेच लिहून दुपारपर्यंत बसलो.

२० मार्च, गुरुवार

संकेतस्थळ प्रकट झाले. सकाळी दहा वाजता भाचीने तिच्या कार्यालयातून कळ दाबली, मी माझ्या कचेरीत पान ताजे केले, आणि जुन्या काट्याचे चित्र नाहीसे झाले.

किंचित उदास वाटले हे नाकारणार नाही. पण पान देखणे आहे. रिकामी जागा पुष्कळ; जणू कोणी खोलीतले सगळे फर्निचर काढून खिडकी उघडली आहे. शेजारच्या टेबलावरील हिशेबनीस बाईंना दाखवले. त्यांनी बेरीज केली, उत्तर पाहिले, आणि हिरव्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “हे बंद पडलंय का?”

मी त्यांना पूर्णत्वाची संकल्पना समजावली.

विभागप्रमुख बाईंना दुवा पाठवला. उत्तर: ‘वा सर. आता समितीला दाखवते.’

२७ मार्च, गुरुवार

मुनी आज एक खोके घेऊन आला. ज्या यंत्रावर आमचे संकेतस्थळ चालते ते यंत्र इतकी वर्षे त्याच्या घरी, पुस्तकांच्या कपाटाखाली होते. अर्धा दिवस संकेतस्थळ बंद राहिले. आता ते आमच्या बैठकीत, टीपॉयखाली आहे आणि मंद घरघरते.

“तुमच्याकडे असू दे,” तो सौ.ला म्हणाला. “वहिनी, धूळ तेवढी पुसा महिन्यातून एकदा. ओलं फडकं नको.”

“आणि तुमच्याकडे का नको, भावजी?”

“जागा लागतेय.”

“कशाला?”

“नुसती जागा,” तो म्हणाला.

निर्मात्याने आपल्या अपत्याचे घर बदलावे, तेही माझ्या घरी, हा मी माझा सन्मान समजतो. सौ.ने टीपॉयवरच्या फुलदाणीतले पाणी काढून टाकले.

४ एप्रिल, शुक्रवार

विभागप्रमुख बाईंचे पत्र. जसेच्या तसे उतरवतो, कारण सारांश करण्याची माझी क्षमता सर्वश्रुत आहे.

‘सर, नवी साइट समितीत मोठ्या पडद्यावर दाखवली. सर्वांना फार आवडली. भाषा काय आहे आणि काय करते हे पहिल्यांदाच सगळ्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. त्यामुळे चर्चा लांबली नाही. एवढंच करायचं असेल तर सगळीकडे चालणाऱ्या भाषेतही ते करता येतं, असं बहुतेकांचं मत पडलं. शिवाय शेवटचा बदल सव्वा वर्षापूर्वीचा आहे. ती तारीख स्पष्ट दिल्याबद्दल आभार. एरवी आम्हाला ती शोधत बसावी लागली असती. पुढच्या वर्षापासून प्रथम वर्षाला दुसरी भाषा घेत आहोत. मला वाईट वाटतंय, पण निर्णय योग्य आहे असंच म्हणावं लागेल. ता. क. हे डिझाइन कोणी केलं? विभागाची साइट करून घ्यायची आहे.’

सौ.ने चष्मा लावून दोनदा वाचले.

“चांगलं लिहिलंय बाईंनी,” ती म्हणाली.

“हो. निःसंदिग्ध.”

“जेवायला बसा.”

बसलो. भाचीचा क्रमांक बाईंना पाठवला.

५ एप्रिल, शनिवार

मुनीच्या घरी गेलो. पत्र दाखवले. त्याने ते वाचले आणि घडी घालून परत दिले. कपाटाखालच्या रिकाम्या जागेत काहीच ठेवलेले नव्हते.

“तुला आश्चर्य वाटलेले दिसत नाही,” मी म्हणालो.

“नाही.”

“आता तू एखादा बदल कर. कुठलाही. तारीख आजची होईल. मी बाईंना पुन्हा लिहितो.”

“काय बदलू?”

“काहीही. एखादं एकक घाल. नवं.”

“कोणासाठी?”

मी पत्राची घडी उलगडली. मग पुन्हा घातली.

“कधीपासून थांबलास तू?” मी विचारले.

“तारीख तूच लावलीस पानावर.” त्याने खुर्ची पुढे ओढली. मुनी इतके बोलल्याचे मला आठवत नाही. “एक दिवस बसलो, काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी बसलो. महिनाभर बसलो. मग बसणं सोडलं. दुःख नाही झालं रे. एवढंच होतं त्यात, ते करून झालं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू मनोगत लिहीत होतास. मग पान सजवायला घेतलंस. तुझ्या तोंडावर काय सांगणार? पोरीला सांगितलं होतं.”

“भाचीला? केव्हा?”

“तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं. ती म्हणाली, मामाला एक चांगली साइट तर करून देऊ.”

घरी परतताना दोन थांबे आधी उतरलो आणि चालत आलो. कोणावर रागवावे याची मनात यादी केली. यादीत एकच नाव राहिले, आणि त्याच्यावर रागवून झाले की रात्रीच्या जेवणाला त्याच्याच ताटावर बसावे लागते.

१३ एप्रिल, रविवार

भाची आली. बोलायचे होते ते दोघांनीही चहा होईपर्यंत टाळले.

“रागावलायस?” ती म्हणाली.

“मी शोकाकुल आहे. राग हा पुढील टप्पा.”

“मी सांगणार होते. तारखेच्या वेळी. तू काटे आणि शिक्के आणि दाणे काढलेस. तुला असं खुश मी कधी पाहिलं नव्हतं, मामा. मला नाही सांगवलं.”

“विभागाचे काम घेतलेस?”

“तू सांगशील तर नाही म्हणते.”

“घे. त्यांच्या पहिल्या पानावर विभागप्रमुखांचे मनोगत आहे. तुझी गरज आहे तिथे.”

मग ती मुद्द्यावर आली. यापुढे भाषेत बदल होणार नसतील तर तसे पहिल्या पानावर लिहिणे हा तिच्या व्यवसायाचा शिष्टाचार आहे. नाहीतर एखादा वाटसरू आपले काम या भाषेवर उभे करायचा आणि तोंडघशी पडायचा. हे मला मान्य आहे. मोडलेला काटा कोणी दुकानात मांडून ठेवत नाही.

मी मसुदा केला. एकशे दहा शब्द. त्यात ‘विराम’, ‘कृतार्थता’ आणि ‘कालप्रवाह’ होते. तिने वाचला आणि संगणक माझ्याकडे वळवला.

“तूच काप,” ती म्हणाली.

एक तास लागला. आता हिरव्या तारखेच्या जागी दोन ओळी आहेत: ‘या भाषेत यापुढे बदल होणार नाहीत. आहे तशी ती कोणीही वापरावी.’

“चांगलं आहे,” भाची म्हणाली. “खरंच चांगलं आहे, मामा.”

मुनीचे नाव पहिल्या पानाच्या तळाशी ‘पूर्वीचे सहभागी’ या नव्या यादीत घेतले. त्याच्याखाली माझे. ‘आम्ही’ हे पान त्यामुळे रिकामे झाले, म्हणून काढून टाकले.

१९ एप्रिल, शनिवार

नव्या संकेतस्थळावर संपर्कासाठी एक लहानसा अर्ज आहे. आज सकाळी त्यातून पहिला संदेश आला. नाव दिलेले नाही.

‘लहान फोनवर तुमच्या सूचनेची दुसरी ओळ बटणाखाली झाकली जाते, वाचता येत नाही. बाकी पान छान आहे.’

सौ.चा जुना फोन घेऊन पाहिले. खरे होते. म्हणजे सहा दिवस लहान फोनवाल्यांना ‘बदल होणार नाहीत’ एवढेच दिसत होते. ‘कोणीही वापरावी’ दिसत नव्हते. भाचीला विचारायला फोन उचलला, मग ठेवला. हे मला येते. बटणाच्या वरची मोकळी जागा बारा बिंदूंनी वाढवली, सौ.च्या फोनवर पडताळले, तिला उभे-आडवे दोन्ही धरायला लावले, आणि मगच संदेशकर्त्यास उत्तर लिहिले: दोष दूर केला आहे, कळवल्याबद्दल आभारी आहे. दोन वाक्ये. तिसरे लिहून खोडले.

दहा मिनिटांत त्याचे उत्तर आले. ‘आता नीट वाचता येतं.’

मला राहवले नाही. विचारले की आपण आमची भाषा वापरता काय, आणि कशासाठी.

या वेळी उत्तराला तासभर लागला. तोवर मी यंत्रावरची धूळ पुसली. कोरड्या फडक्याने.

‘नाही,’ त्याने लिहिले होते. ‘दुसरंच काहीतरी शोधत होतो. पण तुमचं काय होतं ते लगेच कळलं.’